धूमाविना अग्नी

विवाह घडताना जो हजर नव्हता, त्याला तो विवाह घडला होता आणि मनापासून घडला होता हे पटवून देता येते काय, आणि येत असेल तर कोणत्या प्रमाणाच्या बळावर, हा प्रश्न वरवर पाहता परराष्ट्रखात्यांचा किंवा फार तर न्यायालयांचा वाटतो. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मुलींना पतीच्या देशी जाण्यासाठी ज्या चौकशीतून जावे लागते ती जवळून पाहिल्यावर, हा मुळात धर्मशास्त्राचा आणि प्रमाणशास्त्राचा प्रश्न असून आपल्या पूर्वसूरींनी तो मोठ्या कसोशीने हाताळला होता, अशी माझी खात्री होत गेली आहे.

ऊर्जानगरच्या वसाहतीत, बल्लारपूरच्या खाणकामगारांच्या क्वार्टरांत, ब्रह्मपुरी किंवा मूलकडच्या मास्तरांच्या घरांत, जिचा नवरा टेक्सासात नाहीतर न्यू जर्सीत संगणकाच्या नोकरीवर आहे अशी मुलगी आता नवलाची राहिलेली नाही. वराची रजा तुटपुंजी असते. हळद उतरते न उतरते तोच तो विमानात बसतो आणि मागे राहिलेल्या नववधूचा पुढचा बराच काळ पतिसेवेऐवजी दस्तऐवजांच्या सेवेत जातो. पतीने तिकडे आय-१३० नावाचा अर्ज दाखल करायचा. तो तिकडचा नागरिक असेल तर पत्नीला संख्येची मर्यादा नाही, नुसता ग्रीन कार्डधारक असेल तर वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहायचे. अर्ज मंजूर झाला की इकडे दाखल्यांची मालिका सुरू होते: जन्माचा दाखला, विवाहनोंदणीचा दाखला, आपल्यावर गुन्हा नाही असा नागपूरच्या पारपत्र कार्यालयाचा दाखला. पतीने तिकडून हमीपत्र द्यायचे की, त्या देशाने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट तरी आपले उत्पन्न आहे आणि ही बाई सरकारवर भार होणार नाही. मग ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी, आणि सरतेशेवटी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीची खिडकी.

या मालिकेत जन्मदाखल्याची कथा मोठी बोधप्रद आहे. मुलगी आजोळी एखाद्या खेड्यात जन्मली असेल आणि ग्रामपंचायतीच्या वहीत तिचे नाव कोणी चढवलेच नसेल, तर शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टराकडे धाव घ्यावी लागते. तिच्या पणजोबांच्या काळी हेच काम गावचा कोतवाल आपल्या कोतवालबुकात करीत असे आणि आमच्या वऱ्हाड-मध्यप्रांतातील कित्येक घराण्यांचे अस्तित्व आजही त्या जीर्ण पानांवर टिकून आहे. नोंद मुळीच सापडली नाही तर ती सापडत नाही असा अनुपलब्धतेचा दाखला काढायचा आणि त्याला जोडून, जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे द्यायची. अनुपलब्धी हे ज्ञानाचे एक स्वतंत्र प्रमाण आहे, असा कुमारिलभट्टांच्या अनुयायांनी नैयायिकांशी शतकानुशतके वाद घातला. तहसील कचेरीच्या कारकुनाने त्यावर शिक्का उमटवून तो वाद निकालात काढलेला पाहून त्यांना धन्यता वाटली असती.

खिडकीपाशी प्रथम काय होते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उजवा हात वर करून खरे सांगेन अशी शपथ घ्यायची आणि बोटांचे ठसे द्यायचे. पाणिग्रहणात वराने धरला तो हाच हात. मग प्रश्न येतात, आणि ते बहुधा अगदी साधे असतात: स्थळ कोणी सुचवले, पहिल्यांदा कधी भेटलात, लग्नाला माणसे किती होती, पती काय काम करतो, तो राहतो ते घर त्याच्या मालकीचे की भाड्याचे, सासूबाईंचे नाव काय. मुलाखत कित्येकदा काही मिनिटांत आटोपते. काचेपलीकडचा अधिकारी तरुण असतो. त्याने मूल गाव पाहिलेले नसते, लाजाहोम पाहिलेला नसतो, मुलीचा मामा अंतरपाटाशी का उभा असतो हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नसते. आणि तरीही, हा विवाह खरा की प्रवेशासाठी रचलेला, हे त्यानेच ठरवायचे असते. शिवाय सिद्धतेचा भार त्याच्यावर नसतो. तो अर्जदारावर असतो.

आपल्या व्यवहारशास्त्राशी हे ताडून पाहिले तर साम्य विलक्षण दिसते. याज्ञवल्क्याने प्रमाणे सांगितली ती तीन: लिखित, भुक्ती आणि साक्षी. ज्याला आपण दस्तऐवज म्हणतो ते लिखित. वस्तू प्रत्यक्ष भोगवट्यात, वहिवाटीत असणे ही भुक्ती. आणि पाहणाऱ्याची जबानी ही साक्ष. या तिन्ही मानुष प्रमाणांपैकी एकही हाती नसेल तेव्हाच दिव्याकडे वळावे, आणि तेही मोठ्या अभियोगांतच, असा त्याचा दंडक आहे. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश ही त्याने सांगितलेली पाच दिव्ये. वकिलातीच्या पद्धतीत लिखित आहे, प्रतिज्ञापत्रांच्या रूपाने साक्ष आहे. भुक्ती तेवढी नाही, कारण पती-पत्नींनी एकत्र नांदावे यासाठीच परवाना मागितला जात असतो आणि परवाना मिळेपर्यंत ती नांदू शकत नसतात. जे सिद्ध करायचे त्याचे सर्वांत बळकट प्रमाण ज्या स्थितीत उत्पन्नच होऊ शकत नाही, त्या स्थितीत उभे करून मागितलेला हा पुरावा आहे. म्हणूनच त्या मुलाखतीला दिव्याची छटा येते. बल्लारशाहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसताना मुलीची आई महाकालीला नवस बोलते तो उगीच नव्हे. सीतेचे उदाहरण येथे प्रत्येकाला आठवेल. मला ते फारसे उपयोगाचे वाटत नाही, कारण सीतेच्या विवाहाविषयी कोणालाच शंका नव्हती.

उपयोगाची आहे ती शकुंतला, आणि तीही कालिदासाची नव्हे, महाभारताच्या आदिपर्वातली. कालिदासाने अंगठी आणली, दुर्वासाचा शाप आणला आणि राजाला विस्मृतीच्या आडोशाने दोषमुक्त केले. नाटकासाठी ते ठीकच झाले. महाभारतातल्या शकुंतलेजवळ अंगठी नाही, कागद नाही, विवाहाला माणूस म्हणून साक्षीदार नाही. तिच्यासोबत आहे तो मुलगा. भर सभेत राजा तिला ओळखत नाही म्हणतो, तेव्हा ती रडत बसत नाही, साक्षीचे शास्त्र सांगते: माणसाने एकांतात केलेले कृत्य सूर्य जाणतो, चंद्र, वायू, अग्नी, पृथ्वी आणि जल जाणतात, दिवस, रात्र आणि दोन्ही संध्या जाणतात, आणि सर्वांआधी त्याचे स्वतःचे हृदय जाणते. अखेर आकाशवाणी होते आणि दुष्यंत तिला स्वीकारतो. पण स्वीकारताना तो जे कारण सांगतो, त्याकडे आपल्या कीर्तनकारांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. तो म्हणतो की मला हे सारे ठाऊकच होते. केवळ हिच्या शब्दावर हिला घेतले असते तर लोकांनी शंका घेतली असती आणि या मुलाचे कूळ शुद्ध ठरले नसते.

राजाला ठाऊक असते, पण राज्याला ठाऊक नसते. व्यक्ती म्हणून जे ज्ञान पुरेसे असते, ते अधिकारपदावरून पुरेसे ठरत नाही, हा दुष्यंताचा बचाव मला पूर्वी निव्वळ पळवाट वाटत असे. आता त्यात तथ्यांश दिसतो. खिडकीमागच्या अधिकाऱ्याला समोरच्या मुलीच्या डोळ्यांत सारे काही दिसत असेलही, परंतु डोळ्यांतले काही मिसलीला जोडता येत नाही. आणि त्याचा संशय सर्वस्वी निराधारही नाही, कारण बनावट विवाह होतात. इतकेच नव्हे, तर तिकडे आधीच संसार थाटलेल्या वराने इकडे दुसरा विवाह करून मुलीला वर्षानुवर्षे माहेरी लटकत ठेवल्याची प्रकरणे आपल्या महिला आयोगांच्या दप्तरी कमी नाहीत. पतीचा पूर्वीचा विवाह कायदेशीर रीतीने संपला आहे काय, हे विचारणारा परका अधिकारी अशा मुलीच्या बापापेक्षा सावध ठरतो. आमच्याकडे स्थळ पाहताना पत्रिका बारकाईने पाहतात आणि एवढा प्रश्न विचारायचा राहून जातो.

माझा आक्षेप संशयाला नाही, अनुमानाच्या रीतीला आहे. पर्वतावर धूर दिसतो, तेव्हा तेथे अग्नी आहे, असे नैयायिकांचे प्रसिद्ध अनुमान आहे आणि ते निर्दोष आहे. विवाहाची छायाचित्रे, निमंत्रणपत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, एकमेकांना केलेल्या फोनची यादी, विमानाची तिकिटे हा सारा धूर होय. काही वेळा तर शब्दशः. लाजाहोमाच्या छायाचित्रात आंब्याच्या ओल्या समिधांनी कोंदटलेला मांडव दिसतो, वधूचे डोळे चुरचुरून लाल झालेले असतात, मामा उपरण्याच्या टोकाने नाक पुसत असतो, आणि कोपऱ्यात व्हिडिओवाल्याचा दिवा त्या धुरातून पिवळट दिसतो. अशी छायाचित्रे फार मोलाची, असे जाणते लोक सांगतात. नटूनथटून काढलेली नव्हेत, तर ज्यांत नातेवाईक अवघडून उभे असतात ती. हे मला पटते, कारण अवघडलेपणाचे सोंग करणे कठीण.

पण नैयायिक येथेच थांबले नाहीत. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती खरी. जेथे अग्नी तेथे धूर ही मात्र खोटी, असे त्यांनी बजावून सांगितले, आणि तिच्या खोटेपणासाठी तापून लाल झालेल्या लोहगोलाचा दृष्टान्त दिला. त्यात अग्नी पुरेपूर आहे. धूर मुळीच नाही. धूर निघण्यासाठी नुसता अग्नी असून भागत नाही, ओल्या इंधनाचा संयोग लागतो. त्याला त्यांनी उपाधी म्हटले. आता दाम्पत्याच्या बाबतीत हे ओले इंधन कोणते? साक्षरता, पैसा, स्मार्टफोन, नोंदणी कार्यालयाची जवळीक, सासरी-माहेरी कागद जपून ठेवण्याची सवय. ज्या घरात हे इंधन आहे तेथे लग्नाचा धूर दूरवर दिसतो. ज्या घरात ते नाही तेथे तो दिसत नाही, आणि म्हणून तेथे अग्नी नाही असे म्हणणाऱ्याने तर्कशास्त्राचा पहिलाच धडा गिरवलेला नसतो.

धूर नसलेल्या अग्नीचा हा दृष्टान्त समजावून घ्यायला गडचिरोलीइतका योग्य जिल्हा नाही, आणि हे मी केवळ सुरजागडच्या लोहखनिजामुळे म्हणत नाही. भामरागड-एटापल्लीच्या बाजूला माडिया गोंडांत स्त्री-पुरुष गावाच्या माहितीने आणि संमतीने एकत्र नांदू लागतात, त्यांना मुले होतात, शेतात दोघे राबतात. लग्नाचे जेवण मात्र गावाला घालायची ऐपत येईपर्यंत राहून जाते, आणि कधी कधी इतके राहते की पोलीस किंवा एखादी संस्था सामुदायिक विवाहसोहळा भरवते तेव्हा मांडवात उभ्या असलेल्या वराच्या बोटाला त्याचाच मुलगा धरून असतो. नागपूर-मुंबईचे वर्तमानपत्र अशा वेळी त्यांचे लग्न 'अखेर लागले' असे कौतुकाने छापते. जणू ते त्याआधी काही वेगळे होते! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सप्तपदीचे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे सातव्या कलमात म्हटले. परंतु त्याच कायद्याने दुसऱ्या कलमात अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, आपल्या कक्षेबाहेर ठेवले. त्यांचा विवाह त्यांच्या रूढीने सिद्ध होतो. मनूने अष्टविवाह सांगताना वधूमूल्याच्या विवाहाला आसुर म्हटले आणि ती संज्ञा चिकटली ती चिकटलीच. मुलीच्या कष्टाला किंमत आहे आणि ती तिच्या बापाच्या घरातून गेली तर त्या घराचे नुकसान होते, एवढी साधी गोष्ट ज्या समाजाने उघड मान्य केली त्याला असुर ठरवणाऱ्यांनी पुढे हुंडा घेतला, हेही लक्षात ठेवावे.

गोंडांची स्वतःची मुलाखत नाही असे मात्र कोणी समजू नये. सोयरिकीची बोलणी निघाली की पहिला प्रश्न असतो, तुमचे देव किती? चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे असे कुळांचे गट आहेत. देवसंख्या सारखी असेल तर ती भावकी, तेथे विवाह नाही. उत्तर कागदावर नसते, पण खोटे देता येत नाही, कारण ते तपासणारा सारा मुलूख असतो. जेथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात त्या भामरागडला नदी ओलांडून छत्तीसगडातली मुलगी सून म्हणून येते, सिरोंच्याकडे प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडून तेलुगू बोलणारी येते. सीमा राज्यांची असते, सोयरिकीची नसते. अडचण येते ती पुढे, एखाद्या सरकारी योजनेचा अर्ज भरताना. तेव्हा तिला माहेरच्या तहसिलीतून आपण कोण आहोत याचा दाखला आणावा लागतो. वांद्र्याच्या खिडकीशी उभ्या असलेल्या इंजिनियरच्या बायकोत आणि हिच्यात अंतर फार आहे, पण प्रश्न एकाच जातीचा आहे.

धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही, हे अनुमान राज्यसत्तेने उघडपणे कायद्यात उतरवले तेव्हा काय झाले याचा दाखला दक्षिण आफ्रिकेत आहे. १९१३ च्या मार्च महिन्यात केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे जो खटला आला तो प्रवेशाच्याच परवान्याचा होता: तेथे राहणाऱ्या एका हिंदी मुसलमानाची पत्नी हिंदुस्थानातून आली होती आणि तिला उतरू दिले नव्हते. ख्रिस्ती विधीने किंवा नोंदणीने न झालेला विवाह त्या कायद्याच्या दृष्टीने विवाह नव्हे, असा निकाल लागला आणि एका सकाळी तेथील हजारो हिंदू, मुसलमान, पारशी बायका कायद्याने अविवाहित ठरल्या. त्यानंतर सप्टेंबरात कस्तुरबा तुरुंगात गेल्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी त्यांना झाली. पतीच्या चळवळीत पत्नी ओढली गेली, अशा सुरात हे सांगितले जाते. मला वाटते येथे पत्नीच मुख्य वादी होती, कारण नाकारले गेले होते ते तिचे पत्नीपण. इकडे गोखले प्रकृती ढासळलेली असतानाही या लढ्यासाठी निधी जमवीत होते. १९१४ च्या कायद्याने हिंदी एकपत्नी विवाहांना मान्यता मिळाली. ब्रिटनचा अनुभव याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक विचार करायला लावणारा आहे. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका हिंदी शिक्षिकेची कौमार्यचाचणी केल्याचे उघडकीस आले, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही उरत नाही. पण त्यानंतर १९९७ पर्यंत तेथे असा नियम होता की, विवाहाचा मुख्य हेतू देशात प्रवेश मिळवणे हा नव्हता हे अर्जदाराने सिद्ध करावे. मुख्य हेतू! आपल्या शास्त्रकारांनी विवाहाचे हेतू धर्म, प्रजा आणि रती असे तीन सांगितले आणि एकाही दाम्पत्याला त्यांची टक्केवारी विचारली नाही. मुलगा चांगला आहे, घराणे चांगले आहे, शिवाय परदेशी आहे, असे म्हणून होकार देणारी मुलगी खोटे लग्न करीत नाही. ती नेहमीसारखे लग्न करीत असते.

उलट बाजूचा दोष आपल्याच देशात वाढतो आहे, तोही सांगितला पाहिजे. अग्नीवाचून धूर. लग्न ठरले आहे, विधी पुढच्या हिवाळ्यात आहे, परंतु परवान्याची खटपट लवकर सुरू व्हावी म्हणून नोंदणी आधीच उरकून घ्यायची, ही चाल शहरांतून आता चंद्रपूरपर्यंत आली आहे. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, विधी झालेलाच नसताना केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही असे स्पष्ट केले, आणि परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी लोक हे करतात याचाही उल्लेख केला. निर्णय योग्य आहे. पण त्यातली गंमत अशी की, काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला त्या कागदाने समाधान होते आणि आपल्या न्यायमूर्तींना होत नाही.

मग उपाय कोणता, असे विचारले तर मी भुक्तीकडे बोट दाखवीन. आपली न्यायालये फार पूर्वीपासून दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून नांदणाऱ्या जोडप्याचा विवाह झाला असे गृहीत धरतात आणि तो झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर टाकतात. अमेरिकेनेही १९८६ च्या कायद्याने, बनावट विवाहांना आळा घालण्याच्या मिषाने का होईना, तेच तत्त्व वेगळ्या वाटेने स्वीकारले: प्रवेशाच्या वेळी विवाहाला दोन वर्षे पुरी झाली नसतील तर पत्नीला सशर्त वास्तव्य द्यायचे आणि दोन वर्षे संपत आली की दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करून ती अट काढून घ्यायची. तेव्हा मागितला जाणारा पुरावा धुराचा नसतो. एकत्र भाडेकरार, एकत्र बँकखाते, झालेच असेल तर मूल, असा वहिवाटीचा असतो. आधी नांदा, मग शिक्का, हा क्रम वॉशिंग्टनच्या कायदेमंडळाला जितका ठाऊक आहे तितकाच तो भामरागडच्या माडियांना ठाऊक आहे. फरक एवढाच की माडियांच्या गावात नांदणाऱ्यांकडे दोन वर्षे संशयाने पाहिले जात नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्यास समर्थ मानले आहे आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने ग्रामसभा काय करू शकते हे जंगलाच्या बाबतीत दाखवूनही दिले आहे. अमुक स्त्री आणि अमुक पुरुष आमच्या गावात पती-पत्नी म्हणून नांदतात, हा ग्रामसभेचा ठराव विवाहाचे प्रमाण म्हणून तहसिलीत, पारपत्र कार्यालयात आणि वेळ आलीच तर वांद्र्याच्या खिडकीवर का चालू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणत्याही कचेरीत मिळालेले नाही.